किती चुकलं तर चालेल?

आमच्या घरात मोजण्याच्या तीन तऱ्हा होत्या. अम्मी वितीनं मोजायची. धाकटे चाचा शिंपीकाम करायचे, त्यांच्या गळ्यात सदा टेप. आणि अब्बा टर्नर. त्यांच्याजवळ एक लाकडी पेटी होती, तिच्यात दोन मायक्रोमीटर असत, एक लहान आणि एक मोठा. त्या पेटीला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही, हा घरातला कडक कायदा. अब्बा सहसा ओरडत नसत, पण पेटी उघडी दिसली की त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

चाचा एकदा सदऱ्यासाठी माझं माप घेत होते. मी सातवी-आठवीत असेन. छाती ३० इंच भरली आणि त्यांनी वहीत ३४ लिहिलं. मी म्हटलं, "चाचा, चुकलं." ते म्हणाले, "अरे, ३० हे तुझ्या अंगाचं माप. सदऱ्यात तुला हात वर करायचाय, श्वास घ्यायचाय." शेजारी चहा पीत बसलेले अब्बा हसले. म्हणाले, "आता चाचाला विचार, कापताना कात्री किती चुकली तर चालते?" चाचा म्हणाले, "पाव इंच चुकली तर कुणाला कळत नाही." "आता मला विचार," अब्बा म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरचा एक केस उपटून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याचे उभे तीन भाग कर. त्यातला एक. तेवढं चुकलं तर चालतं."

सदरा अंगापेक्षा मोठा ठेवणं वेगळं आणि कात्री चुकणं वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं डिप्लोमाच्या पुस्तकात त्यांची नावं भेटली. पहिलं क्लिअरन्स, दुसरं टॉलरन्स. वर्गातली बरीच पोरं शेवटपर्यंत ह्या दोहोंत गोंधळायची. मी गोंधळलो नाही, ह्याचं श्रेय त्या केसाला. पण गोंधळलो नाही म्हणजे मला सगळं कळलं होतं, असंही नाही. तीच गोष्ट सांगायची आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्यात सगळं अगदी नेमकं बनतं. तसं नाही. नेमका ३० मिलिमीटरचा शाफ्ट जगात कुणी बनवलेला नाही आणि बनला असेल तर तो तसा आहे हे सिद्ध करणारं साधन नाही. म्हणून ड्रॉइंगवर ३० लिहून भागत नाही. ३० च्या किती वर आणि किती खाली गेलं तरी चालेल, हेही लिहावं लागतं. ते लिहिणारा माणूस टेबलाशी बसलेला असतो. ते पाळणारा मशिनशी उभा असतो. दोघांची गाठ क्वचितच पडते.

आमचं गाव कोल्हापूर. अब्बांचं लेथ शिवाजी उद्यमनगरात, एका शेडच्या अर्ध्या भागात होतं. दुसऱ्या अर्ध्या भागात वेल्डिंगवाला. उसाचा पट्टा, विहिरी, नदीवरच्या पाणी योजना, त्यामुळं ऑइल इंजिन आणि पंपाच्या कामाला तोटा नव्हता. अब्बा उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी वाचता येत नसे, पण आकडे आणि रेषा वाचत. सूत, इंच आणि थाऊ ह्यांत त्यांचा हात घडलेला. मापांचा कायदा १९५६ साली झाला तरी उद्यमनगरातलं सूत पुढं कितीतरी वर्षं हटलं नाही. आठ सुतांचा इंच, आणि इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ. मिलिमीटर त्यांनी नंतर, तिशीत शिकून घेतला.

त्यांच्या उस्तादांच्या काळी ड्रॉइंग नावाची गोष्टच कमी. जुना तुटलेला भाग यायचा, त्यावरून नवा करायचा. आधी भोक करायचं, मग शाफ्ट थोडा थोडा उतरवत त्या भोकाला लावून बघायचा. बसला की दोघांवर पंचनं एकच खूण मारायची, म्हणजे त्यांची जोडी चुकायला नको. ही तऱ्हा फार जुनी आहे. अल-जझरी ह्या कारागिरानं १२०६ साली दियारबकरच्या दरबारात यंत्रांवरचं जे पुस्तक पुरं केलं, त्यात व्हॉल्व्हची गुडदी आणि तिची बैठक एमरीची पूड घालून एकमेकांवर घासून पाणबंद करण्याची रीत दिली आहे. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातलं गॅरेज आठवलं. तिथं इंजिनचे व्हॉल्व्ह अजून तसेच पेस्ट लावून बसवतात. आठशे वर्षांत त्या एका कामात फारसा फरक पडलेला नाही.

जोडीनं केलेल्या कामात टॉलरन्स लागत नाही. भोक मोठं झालं तर शाफ्ट मोठा ठेवायचा, झालं. अडचण कधी येते? कागलच्या शेतकऱ्याच्या पंपाचं कव्हर फुटतं, तो दुकानातून नवं विकत घेतो, रात्री विहिरीवर कंदिलाच्या उजेडात बसवायला जातो. त्याच्याजवळ कानस नाही आणि लेथही नाही. ते कव्हर एकानं केलं, बॉडी दुसऱ्यानं केली, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. तरी ते बसलं पाहिजे. टॉलरन्स हा त्या शेतकऱ्यासाठी असतो. निदान असायला हवा.

१९८३ साली डिप्लोमा झाला आणि मी एमआयडीसीतल्या पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. ड्रॉइंग ऑफिसात पंखा, तिरकं टेबल, पांढरा शर्ट. पहिल्या दिवशी अब्बा मला बसस्टॉपवर सोडायला आले होते. त्यांच्या हाताच्या रेघांत तेल कायमचं बसलेलं. म्हणाले, "हात काळे करायची गरज नाही तुला आता." मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

तिथं मी अक्षरं आणि आकड्यांची ती जादू शिकलो. एच ७, के ६, एफ ७. अक्षर सांगतं, चुकीची हद्द मूळ मापाच्या कुठल्या बाजूला आणि किती अंतरावर आहे. आकडा सांगतो, ती हद्द किती रुंद आहे. मोठं अक्षर भोकाचं, लहान अक्षर शाफ्टचं. उदाहरण ६२०६ नंबरच्या बेअरिंगचं घेऊ, तो पंपात नेहमी असतो. आतलं भोक ३०, बाहेरचा व्यास ६२. शाफ्टला के ६ दिला की शाफ्ट ३०.००२ ते ३०.०१५ मध्ये राहायला हवा. बेअरिंगचं भोक कंपनीतून येतानाच ३० किंवा त्याहून फार तर ०.०१० नं लहान असतं. म्हणजे कुठलाही शाफ्ट घ्या, कुठलंही बेअरिंग घ्या, ते थोडं दाबूनच बसणार. बसायलाच हवं. आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, ती ढिली राहिली तर शाफ्टवर सरकत राहते आणि तो खाऊन टाकते. बाहेरची रिंग मात्र हाऊसिंगमध्ये हातानं सरकेल अशी हवी, कारण शाफ्ट गरम होऊन लांबला की तिनं जागा द्यायला पाहिजे. म्हणून हाऊसिंगला एच ७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. एकाच बेअरिंगला आत एक न्याय आणि बाहेर दुसरा. पक्षपात नाही, कामच तसं आहे.

भोक एच आणि शाफ्ट त्याला धरून, ही रीत बहुतेक सगळीकडं चालते. पुस्तकात कारण दिलेलं असतं की रिमर आणि प्लग गेज ठरावीक मापाचे मिळतात, भोक त्यांच्या मापाचंच होणार. शाफ्ट मात्र हवा तेवढा उतरवता येतो. मी मोठ्या ऐटीत हे अब्बांना समजावलं. ते म्हणाले, "मग आमचे उस्ताद वेगळं काय करत होते? आधी भोक, मग शाफ्ट." मी गप्प बसलो.

आता माझी चूक सांगतो.

१९८६ च्या अखेरीला कंपनीनं एक जुना पंप नव्यानं काढायचं ठरवलं. जुनी ड्रॉइंगं इंचात होती, ती मिलिमीटरमध्ये आणायची. त्यातलं बेअरिंग कव्हर माझ्याकडं आलं. बिडाचं गोल झाकण, मधून शाफ्ट जातो. त्याला आतल्या बाजूनं एक उंचवटा, त्याला स्पिगॉट म्हणतात. तो हाऊसिंगच्या ६२ च्या भोकात शिरतो, त्यानं कव्हर मध्यावर राहतं. त्याला एफ ७ दिला, ते बरोबर होतं. बाहेरचा व्यास जुन्या ड्रॉइंगवर ३.७४० इंच होता. मिलिमीटरमध्ये ९५. त्यापुढं टॉलरन्स काही नव्हता. आमच्या ऑफिसात नियम होता की एकही माप उघडं सोडायचं नाही. मी क्षणभर विचार केला. तीन दशांश स्थळं दिसत होती, तेव्हा कुणीतरी काहीतरी मनात धरूनच लिहिलं असणार. मी पुढं लिहिलं, अधिक-उणे ०.०२.

तो बाहेरचा व्यास कशालाही लागत नव्हता. तो हवेत होता. त्याच्यावर हिरवा रंग बसणार होता. तिथं अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाला असता तरी पंपाला कळलं नसतं. साधं, किरकोळ मापांचं जे सर्वसाधारण कोष्टक असतं, त्यात मध्यम दर्जालाही ह्या मापाला अधिक-उणे ०.३ चालतं. मी त्याच्या पंधरापट कडक आकडा लिहिला. का? मला कळत नव्हतं म्हणून. बारीक आकडा लिहिणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. ढिला आकडा लिहिला आणि काही बिघडलं, तर ड्राफ्ट्समनची मान पकडतात. बारीक लिहिला आणि बिघडलं, तर टर्नरची. एवढा सोपा हिशेब होता तो. माझ्या टेबलावर त्याला किंमत पडत नव्हती, पेन्सिलीला ०.३ आणि ०.०२ सारखेच.

१९८७ च्या मे महिन्यात एका रविवारी मी अब्बांच्या शेडवर गेलो. लेथच्या मागं भिंतीला खिळा होता, त्यावर ते चालू कामाचं ड्रॉइंग टांगत. बघतो तर बेअरिंग कव्हर. खाली उजव्या कोपऱ्यात माझ्या नावाची आद्याक्षरं. कंपनीनं काम एका व्हेंडरला दिलं होतं, त्यानं जास्तीचं काम उद्यमनगरात वाटलं होतं. अब्बांच्या वाट्याला दोनशे नग आले होते. ईद महिनाअखेरीला होती आणि हातात पैसे यायचे तर हेच काम होतं.

"ये तेरीच सही है ना?" अब्बांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी काही न बोलता एक तयार कव्हर फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं. सुरेख काम होतं. बाहेरच्या व्यासावर मी बोट फिरवलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की हे ०.०२ इथं कशाला? पण बोललो नाही. अब्बाच म्हणाले, "बाहेरून एवढं बारीक कशाला मागितलंय रे? काही बसतं काय ह्याच्यावर?" मी म्हटलं, "बघून सांगतो." कंपनीतल्या माणसानं द्यायचं तसं उत्तर.

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शनला दोनशेपैकी एकशे एकवीस कव्हरं नापास झाली. सगळ्यांचे स्पिगॉट बरोबर. बाहेरचा व्यास लहान. कुणाचा ९४.९७, कुणाचा ९४.९६५.

कारण मला नंतर कळलं, ते तापमानाचं होतं. बीड कोरडंच कातायचं, पाणी मारत नाहीत. तुकडा चकमधून सुटतो तेव्हा गरम असतो. मायक्रोमीटर शेडमधल्या हवेइतका. दोहोंत २० अंशांचा फरक असेल तर ९५ मिलिमीटरचं बीड निवताना साधारण ०.०२ मिलिमीटर आकसतं. म्हणजे अब्बांनी गरम तुकडा अगदी मधोमध ९५.०० मोजला तरी निवेपर्यंत तो माझ्या हद्दीच्या काठाला येणार आणि जरा कमी मोजला असेल तर काठाच्या बाहेर. मापाचं संदर्भ तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरतात, १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीनं ते ठरवलं. इन्स्पेक्शनची खोली त्या सुमाराला थंड ठेवलेली असे. मे महिन्यातलं उद्यमनगर कुठल्या समितीनं ठरवलेलं नव्हतं.

पण अब्बांना हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. स्पिगॉट ते तुकडा निवल्यावर मोजत, प्रत्येक. म्हणून एकही स्पिगॉट चुकला नाही. बाहेरचा व्यास त्यांनी गरम असताना घाईत मोजला, कारण त्यांच्या तीस वर्षांच्या नजरेला दिसत होतं की त्याच्यावर काही बसत नाही. त्यांनी ड्रॉइंगपेक्षा आपल्या समजुतीवर भरवसा ठेवला. समजूत बरोबर होती. ड्रॉइंग चूक होतं. आणि नापास ते झाले.

जॉबवर्कचा एक नियम असतो. कास्टिंग कंपनीचं, मजुरी तुमची. नग बिघडला की मजुरी तर जातेच, वर कास्टिंगची किंमतही कापतात. एकशे एकवीस नगांचा हिशेब केला तर त्या कामात अब्बांना मिळणं काही नव्हतं, देणंच निघत होतं.

अशा वेळी एक वाट असते. डेव्हिएशनचा कागद. माल ड्रॉइंगबाहेर आहे, पण कामाला बाध येत नाही, म्हणून ह्या लॉटपुरता स्वीकारावा, असं त्यावर लिहायचं आणि डिझाइनच्या माणसानं सही करायची. म्हणजे मीच. व्हेंडरचा माणूस कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याला ठाऊक नव्हतं की हा माल कुणी केला आहे. मला ठाऊक होतं.

मी कागद ठेवून घेतला. तीन दिवस ठेवला. माझं सगळं डोकं एकाच गोष्टीत अडकलं: उद्या कळलं तर म्हणतील, बापाचा माल पास करून घेतला. ऑफिसात मी एकटा आमच्यातला होतो. कुणी कधी वावगं बोललं नव्हतं, तरी आपण दुप्पट स्वच्छ दिसायला हवं, हे ओझं मीच माझ्या डोक्यावर घेतलं होतं. त्या स्वच्छ दिसण्याच्या नादात माझ्या हे लक्षात आलं नाही, की माल कुणाचाही असता तरी तो पास व्हायलाच हवा होता, कारण चूक माझी होती. सही करायची तर कारणाच्या रकान्यात लिहावं लागलं असतं की हा टॉलरन्स मुळातच अनावश्यक होता. म्हणजे बापाची भीती पुढं करून मी स्वतःला झाकत होतो की काय, ह्याचं उत्तर मला आजही छातीठोकपणे देता येत नाही.

चौथ्या दिवशी मी कागद घेऊन साहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं, माल कुणाचा तेही. ते वयानं मोठे, मितभाषी. त्यांनी ड्रॉइंग पुढं ओढलं आणि बाहेरच्या व्यासावर पेन्सिल टेकवून विचारलं, "हा कशाला लागतो?" मी म्हटलं, "कशालाच नाही." "मग हा आकडा कुणासाठी लिहिला?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी कागदावर स्वतः सही केली आणि म्हणाले, "स्टोअरला फोन करा, माल थांबवा."

माल आदल्या संध्याकाळी गेला होता. नापास नगांवर लाल रंग मारतात, घणानं फोडतात, म्हणजे ते चुकून चांगल्यात मिसळायला नकोत, आणि भंगार फाउंड्रीत परत वितळायला पाठवतात. आमची स्टोअर त्या आठवड्यात फारच तत्पर निघाली. एरवी महिनाभर ढीग पडून असे.

अब्बांना मी त्या रात्री सांगितलं. कव्हर चूक नव्हतं, माझा आकडा चूक होता, आणि कागद तीन दिवस माझ्या खणात होता. सगळं. ते जेवत होते. पाणी प्यायले. म्हणाले, "मी घ्यायला नको होतं ते काम. तुझं नाव बघून घेतलं. म्हटलं, पोरानं काढलंय म्हणजे विचार करून काढलं असेल." एवढंच. अम्मीनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या ईदला नवे कपडे चाचांनी उधारीवर शिवले.

ड्रॉइंग मी बदललं. ९५ च्या पुढं ०.३. पुढची सगळी कव्हरं पास होत गेली. ती दुसऱ्यांनी केली. अब्बांनी त्या कंपनीचं काम परत घेतलं नाही. माझ्याशी ते अगदी पूर्वीसारखेच वागत होते, त्यामुळं मला काही बोलायची सोय उरली नाही.

ह्यानंतर मी शहाणा झालो असं लिहायला आवडलं असतं. झालं उलटं. मी दयाळू झालो. दिसेल तिथं टॉलरन्स ढिले करू लागलो. मशिनशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यापुढं यायचा आणि पेन्सिल ०.३ लिहून मोकळी व्हायची. दीड वर्षानं एका पंपाचा इम्पेलर केसिंगला घासू लागला. शाफ्टवर ओळीनं चार भाग बसत होते, कॉलर, दोन स्पेसर आणि इम्पेलर. प्रत्येकाच्या लांबीला मी अधिक-उणे ०.३ दिलं होतं. प्रत्येक भाग आपापल्या जागी निर्दोष. पण चौघांच्या चुका एकाच बाजूला पडल्या तर १.२ मिलिमीटर होतात आणि इम्पेलरच्या बाजूला जागा होती ०.८. नेहमी असं होत नाही. एक लहान निघतो, एक मोठा निघतो, भागून जातं. त्या काही पंपांत भागलं नाही. तो पंप कुठल्यातरी विहिरीवर उतरवून परत काढताना त्या शेतकऱ्यानं कुणाला शिव्या दिल्या असतील, ते मला माहीत आहे.

तेव्हा साहेबांचा तो प्रश्न मला पुन्हा नीट कळला. हा कशाला लागतो? आधी ते. त्यानंतर मी आणखी दोन प्रश्न स्वतःला लावून घेतले: हे कुठल्या मशिनवर होणार, आणि मोजणार कशानं. चांगल्या लेथवर सावधपणे दोन-तीन शतांश मिळतात. त्याखाली उतरायचं तर ग्राइंडिंग आलं, म्हणजे दुसरं मशिन, दुसरा माणूस, दुसरा दिवस. ड्रिलनं पाडलेल्या भोकाला एच ७ मागायचा नाही, तिथं रिमर किंवा बोरिंग लागणार. आणि जे माप व्हर्निअरनं घेतलं जाणार आहे, त्याला ०.०१ लिहिणं म्हणजे टर्नरला खोटं बोलायला लावणं. दर शनिवारी दुपारी मी शॉपवर उभा राहू लागलो. कपडे काळे होत. अब्बांनी बघितलं, बोलले काही नाहीत.

अब्बा २००४ साली गेले. लेथ विकलं. पेटी माझ्याकडं आहे.

आता मीही निवृत्त आहे. बहिणीचा मुलगा शिरोलीला सीएनसी मशिनवर जॉबवर्क करतो. त्याचं मशिन न थकता शतांशात काम करतं, तेव्हा मला वाटलं होतं हे दुखणं आता संपलं. कुठलं संपायला? कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये काही न लिहिता सोडलं तरी कोपऱ्यातली चौकट आपोआप टॉलरन्स लावते, दोन दशांश असतील तर एक, तीन असतील तर त्याहून कडक. म्हणजे आता न कळणाऱ्या माणसाला तो आकडा लिहायचीही तसदी नाही. टूल झिजतं, दुपारी शेड तापते, आणि माल मोजायला जातो तिथं एसी असतो. भाच्याचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो.

मागच्या डिसेंबरात आला होता. "मामू, फ्लँजच्या बाहेरच्या व्यासाला अधिक-उणे ०.०१ मागितलंय. ग्राइंडिंग धरून रेट देऊ काय?"

मी विचारलं, "त्याच्यावर काय बसतं?"

"काहीच दिसत नाही."

"मग आधी त्यांना फोन करून विचार. लिहिणारा पोरगा कोण आहे, त्यालाच विचार. घाबरून लिहिलं असेल."

"विचारलं तर काम दुसऱ्याला देतील, मामू."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शेवटी त्यानं ईमेल लिहिला, मी मजकूर सांगितला. तीन दिवसांनी कंपनीकडून सुधारित ड्रॉइंग आलं, ०.२ चं. दुसऱ्या एका कामाला तसाच ईमेल गेला, त्याला 'ड्रॉइंगप्रमाणे करावे' एवढंच उत्तर आलं.

त्या फोननंतर मला एक गोष्ट आठवली. लॉट वितळायला गेला तरी एक कव्हर घरी राहिलं होतं, अब्बांनी नमुना म्हणून शेडवर ठेवलेलं. गेली कित्येक वर्षं ते आमच्या मागच्या दाराला अडकण म्हणून आहे. थंडीची सकाळ होती, भिंतीवरचं थर्मामीटर २० च्या आसपास. मी कव्हर उचललं, गंज रॉकेलनं पुसला. बाहेरच्या कडेला एका जागी चांगली कातलेली धार अजून शाबूत होती. पेटी उघडली. मोठा मायक्रोमीटर काढला, ७५ ची काडी लावून शून्य तपासलं, आणि दोन्ही वस्तू तासभर शेजारी शेजारी ठेवून दिल्या. मग मोजलं. तीन ठिकाणी. ९४.९७.

आतून अम्मीचा आवाज आला. तिचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढं आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत.

"दार आपटतंय रे. ते लोखंड कुठं नेलंस? ठेव परत."